मंद होणारा दिवा

कतारगाम म्हटले की जुन्या सुरतकराला उंधियोत पडणारी पापडी आठवते आणि नव्याला हिऱ्याच्या घंट्या. सुरतेच्या तटाच्या एका दरवाजाला ज्याचे नाव मिळाले होते, ते हे खेडे आज शहराच्या पोटात गेले आहे. नाटकाशी त्याचा संबंध जोडण्याचे कोणाच्या मनातही यावयाचे नाही. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या शाळेच्या सभागृहामागील अडगळीची खोली रिकामी करीत असता तेथे कमरेइतक्या उंचीची एक लाकडी पेटी निघाली आणि तिने मला नाटकाच्या इतिहासाकडे वळविले. पेटीच्या दर्शनी फळीवर सहा गोल मुठी होत्या. प्रत्येक मुठीभोवती शून्यापासून शंभरापर्यंत आकडे होते आणि वर तांबड्या रंगात ‘डिमर’ एवढाच शब्द होता. शिपायाने ती भंगाराच्या ढिगात काढून ठेविली होती. वजनाने ती दोघांना उचलवेना. आत तांबे पुष्कळ असल्याने भाव बरा येईल, असे त्याचे म्हणणे होते, आणि ते खोटेही नव्हते.

दिवा लावणे आणि दिवा विझविणे या दोन क्रिया मनुष्याला पुरातन काळापासून ठाऊक आहेत. लागलेला दिवा दुरून, हळूहळू आणि हव्या त्या बेताने मंद करणे ही तिसरी क्रिया मात्र अगदी अलीकडची. मराठी नाटकाचे इतिहास वाचावेत तर नाटककार, गायक नट, पडदे रंगविणारे चित्रकार, फार काय तबलजीसुद्धा नावानिशी भेटतात. ही तिसरी क्रिया करणारा विंगेतला मनुष्य मात्र क्वचितच भेटतो, आणि त्याचे साधन सुस्थितीत राखणारा तर मुळीच भेटत नाही. हा विसर केवळ अनुदारपणाचा आहे असे मी म्हणत नाही. ज्याचे काम नीट झाले असता दिसत नाही, त्याचा इतिहास लिहिणे कठीणच असते.

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा उजेड मशालींचा आणि तेलाच्या दिव्यांचा होता. राक्षसाच्या प्रवेशाला राळेचा भडका उडवीत, आणि भडका म्हणजे प्रकाशयोजनाच की! पण तिच्यात वाढ होती, उतार नव्हता. आमच्या शाळेतील पुष्कळ मुलांची घरे खान्देशातून तापीच्या काठाकाठानेच पोटामागे सुरतेस आलेली आहेत. त्यांच्या आजोबांनी गावाकडे भोवाड्याची सोंगे मशालीच्या उजेडात पाहिलेली असतात. त्यांना विचारले तर ते सांगतात की सोंग पुढे आले म्हणजे मशाल त्याच्याबरोबर पुढे येई. म्हणजे प्रकाश कमीजास्त करावयाचा तो दिवा जवळ-दूर नेऊन. पुढे गॅसबत्त्या आल्या, किटसनचे दिवे आले. त्यांचा उजेड मोठा, परंतु हवेच्या दाबावर चालणारा तो दिवा मध्येच मंद करू जाल तर मेंटल काळे पडावयाचे आणि बत्ती फुरफुरावयाची. नटाला उजळ चेहरा मिळाला, पण संध्याकाळ मिळाली नाही.

या ठिकाणी माझे एक मत मांडतो. आपल्या संगीत नाटकाला मंद होणाऱ्या दिव्याची उणीव भासली नाही, कारण त्याचा काळ दिव्याने चालत नव्हता, पदाने चालत होता. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘सौभद्र’ १८८२ साली रंगभूमीवर आले. रात्र झाली हे त्या काळचा प्रेक्षक पडद्यावरील चित्रावरून, पात्राच्या वाक्यावरून आणि रागाच्या वेळेवरून ओळखीत असे. शिवाय ‘वन्समोअर’ होताच. एखादे पद तीन वेळा म्हणावयाचे असेल तर त्या पदाबरोबर मावळणारा सूर्य तीन वेळा कसा मावळवावा? क्रमाने उतरणारा प्रकाश ही एकदाच घडणारी गोष्ट आहे. ती मागे फिरविता येते, पण मागे फिरविली की हास्यास्पद होते. ज्या रंगभूमीवर रसिकाच्या आज्ञेने काळ थांबत होता, तेथे स्थिर, भरपूर आणि निर्विकार उजेडच योग्य होता. तेव्हा आपल्याकडे हे साधन उशिरा आले याला केवळ दारिद्र्य किंवा अज्ञान कारण झाले असे मानणे मला पटत नाही.

युरोपात ही गरज आधी उत्पन्न झाली. लंडनच्या नाटकगृहांत १८१७ च्या सुमारास कोळशाचा गॅस आला, आणि एका जागी बसून तोट्या फिरविल्या की साऱ्या रंगमंचावरचा उजेड चढतो-उतरतो, हा शोध नाटकवाल्यांना लागला. १८७६ साली बायरॉइट येथे वाग्नरने प्रेक्षागृह अंधारात ठेविले, आणि लंडनला हेन्री आयर्व्हिंगने गॅसच्याच बळावर अंधाराला नाटकाचा भाग केले. आपल्या मुंबईचे रस्तेही १८६५ साली गॅसने उजळले होते. पण या गॅसचे मोल फार होते. ८ डिसेंबर १८८१ रोजी व्हिएन्नाच्या रिंग थिएटरात रंगमंचावरचे गॅसचे दिवे पेटविताना आग लागली आणि शेकडो माणसे दगावली. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, २८ डिसेंबरला, लंडनच्या सॅव्हॉय नाटकगृहाचा रंगमंच विजेने उजळला. त्या दिवशी मालक डॉयली कार्ट यांनी पेटता दिवा मलमलीत गुंडाळून प्रेक्षकांसमोर फोडून दाखविला. मलमल जळली नाही. वीज निरुपद्रवी आहे, अशी लोकांची समजूत त्या क्षणी झाली असेल. ती अर्धीच खरी होती, हे पुढे दिसेल.

आपल्याकडे वळणाचा टप्पा १९३३ चा. ‘नाट्यमन्वंतर’ संस्थेने त्या वर्षी ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणिले. नॉर्वेच्या ब्यर्नसनच्या नाटकावरून वर्तकांनी रचलेल्या या नाटकात पदांची गर्दी ओसरली, स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या आणि रंगमंचावर खरीखुरी वाटणारी खोली उभी राहिली. खोली खरी झाली की खिडकीबाहेरचा उजेडही खरा हवा, आणि खरा उजेड म्हणजे बदलणारा उजेड. पुढे १९५४ पासून राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाल्या आणि गावोगावच्या हौशी मंडळींना हा बदलणारा उजेड स्वतःच्या खर्चाने निर्माण करण्याची पाळी आली. त्यांच्याजवळ पैसा नव्हता. मीठ होते.

मिठाच्या पाण्याचा डिमर आज ऐकणाऱ्याला थट्टा वाटेल, म्हणून त्याचे वर्णन थोडे विस्ताराने करतो. चिनी मातीची लोणच्याची बरणी किंवा मातीचे नळे घ्यावयाचे आणि त्यांत पाणी भरून मीठ टाकावयाचे. तळाशी धातूचा एक पत्रा, आणि दुसरा पत्रा दोरीला बांधून वरून पाण्यात सोडलेला. दिव्याकडे जाणारी फेजची तार या दोन पत्र्यांमधून न्यावयाची. पत्रे दूर असतील तर मधल्या पाण्याचा विरोध अधिक, म्हणून दिवा अंधुक. दोरी सैल करून वरचा पत्रा खाली आणावा तसतसा दिवा उजळत जातो. पत्र्याला पत्रा टेकला की पूर्ण उजेड, आणि वरचा पत्रा पाण्याबाहेर काढला की अंधार. यात फिरविण्याजोगी मूठ नाही, आकडे नाहीत. सगळा हिशेब दोरी सोडणाऱ्याच्या हातात असतो. सूर्यास्त जर चांगला झाला तर तो त्याच्या मनगटाचा गुण.

आणि निगा? या बरणीइतके लहरी यंत्र दुसरे नसेल. मीठ किती टाकावे ते दिव्याच्या वॅटवर अवलंबून. पाचशे वॅटच्या दिव्याला बेतलेले पाणी हजाराच्या दिव्याला पुरत नाही, म्हणून दिवा बदलला की चिमूट वाढवावयाची. पहिल्या अंकात पाणी थंड असते. वीज वाहू लागली की ते तापते, आणि तापलेले खारे पाणी वीज अधिक सहज वाहू देते. त्यामुळे तालमीत ज्या खुणेवर दिवा मंद होत असे, त्याच खुणेवर तिसऱ्या अंकात तो अधिक उजळ राहतो. पाण्याची वाफ होऊन पातळी उतरते आणि खारटपणा वाढतो. पत्र्यांवर क्षारांचे पुट चढते. ते दर खेळाआधी खरवडले नाही तर उजेड चढताना अडखळतो. एवढे करूनही बरणीतील पाणी हे उघडे, जिवंत विजेचे पाणी. विंगेतल्या अंधारात, घाईने वेष बदलणाऱ्या नटांच्या पायांशी ते उकळत असे. त्यातच कोणी अजाणता बरणी फेजऐवजी न्यूट्रलच्या तारेत बसविली तर दिवा विझलेला दिसे, पण त्याच्या होल्डरात वीज जिवंतच राही. हा शेवटचा मुद्दा वाचकांनी कृपया ध्यानात ठेवावा. आमच्या पेटीशी त्याचा संबंध आहे.

बरणीच्या मागोमाग विरोध-तारेचे डिमर आले. पाण्याची जागा तापणाऱ्या तारेच्या वेटोळ्यांनी घेतली. मिठाची कटकट गेली, पण एक अडचण राहिली. हजार वॅटसाठी केलेल्या अशा डिमरला शंभर वॅटचा दिवा जोडला तर तो काही केल्या पुरता मंद होत नाही. म्हणून विंगेमागे कोठेतरी दुसरा एक मोठा दिवा किंवा हीटर उगाच जळत ठेवावा लागे, केवळ वजन भरावे म्हणून. दागिन्याच्या तराजूत गूळ जोखण्यापैकीच हा प्रकार.

यावर उपाय म्हणून आलेले साधन म्हणजे ऑटोट्रान्सफॉर्मर, आणि आमची पेटी त्या जातीची निघाली. लोखंडी कड्यावर तांब्याची तार गुंडाळलेली असते. कड्याच्या माथ्यावर तारेचे वेढे उघडे ठेवून त्यांवरून कोळशाचा एक ब्रश फिरवितात. ब्रश जेथे थांबेल तेथवरचा दाब दिव्याला मिळतो. येथे वीज उष्णतेत फुकट जात नाही, आणि दिवा पंधरा वॅटचा असो वा हजाराचा, तो सारखाच मंद होतो. अमेरिकेत असे फिरत्या मुठीचे ट्रान्सफॉर्मर १९३४ सालापासून बाजारात आले. आपल्या सभागृहांतून आणि महाविद्यालयांतून ते पुढे दीर्घकाळ टिकले, याचे कारण त्यांची रचना साधी आणि दुरुस्ती कोणत्याही मोटारी भरणाऱ्याला जमण्याजोगी.

कतारगामात मोटारी भरणाऱ्यांना तोटा नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या एका गुजराती कारागिराला मी पेटी दाखविली. त्याने मुठी फिरविल्या, कान लावला आणि सांगितले की चार जिवंत आहेत, एकीचा ब्रश झिजला आहे आणि एकीचे तांबे जळाले आहे. त्याचे निदान ऐकण्यासारखे होते. ब्रश झिजून संपला की त्याची पितळी पकड वेढ्यांवर घासते, ठिणग्या पडतात आणि ज्या आकड्यावर दिवा नेहमी थांबविला जात असे नेमके तेथले वेढे काळे होतात. जळालेल्या मुठीवर हा डाग पस्तिसाच्या आसपास होता. म्हणजे कोण्या अनामिक हाताने वर्षानुवर्षे स्नेहसंमेलनातली पहाट पस्तिसावर धरून ठेविली होती! साधनाच्या दोषात त्याच्या वापराचा इतिहास असा लिहिलेला सापडतो, हे मला त्या दिवशी उमगले. वेढ्यांचा माथा त्याने बारीक पॉलिशपेपरने साफ केला. मी एमरी पेपर आणून दिला होता तो त्याने परत केला. एमरीचे कण वेढ्यांच्या फटीत बसून नवी ठिणगी पाडतात, असे त्याचे सांगणे.

नंतर त्याने सहाही मुठी शून्यावर आणल्या, वीज जोडली आणि बाहेर जाणाऱ्या तारेला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. ऑटोट्रान्सफॉर्मरमध्ये आत येणारी आणि बाहेर जाणारी वीज पूर्णपणे वेगळी केलेली नसते. एक तार दोहोंना सामाईक असते. ती सामाईक तार न्यूट्रल असावी लागते. कधीतरी कोणीतरी पेटीचा प्लग बदलताना दोन तारांची अदलाबदल केली होती. त्यामुळे मूठ शून्यावर असताना दिवा विझलेला दिसे, पण त्याच्या दोन्ही टोकांना पूर्ण दाबाची फेज पोहोचलेली असे. शिडीवर चढून त्या ‘विझलेल्या’ दिव्याचा बल्ब बदलणाऱ्याचे काय झाले असते? आमच्याकडे शिडीवर चढतात ती नववी-दहावीची मुले. खाऱ्या पाण्याच्या बरणीतला जुना धोका साधन बदलले तरी तसाच चालत आला होता.

ऑटोट्रान्सफॉर्मरला मागे सारले ते थायरिस्टरने. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने हे घटक १९५७ साली तयार केले आणि पुढील दशकात पाश्चात्त्य नाटकगृहांनी ते आपलेसे केले. पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली उघडले, ते याच संधिकालात. आपल्या विजेची लाट सेकंदाला पन्नास फेरे करते. थायरिस्टर प्रत्येक अर्ध्या फेऱ्याचा आरंभीचा काही भाग कापून टाकतो. जितका भाग कापला तितका दिवा मंद. मूठ एका लहानशा बोर्डावर आणि यंत्र दूर भिंतीमागे, अशी सोय त्यामुळे झाली, आणि विंगेतला मनुष्य पहिल्यानेच प्रेक्षागृहाच्या मागे बसून आपले काम समोरून पाहू लागला. नाटककारांच्या लेखणीवरही अशा सोयींचा परिणाम होत असतो. तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ सालचे. त्याच्या अखेरीस इतर पात्रे निश्चल होतात आणि बेणारे एकटी बोलते. काळ असा गोठविण्याला आणि पुन्हा वाहता करण्याला प्रकाशाची साथ लागते. पूर्वी जे पद करीत असे ते आता मंद होणारा दिवा करू लागला, असे म्हणावयास हरकत नाही.

थायरिस्टरचे आजारही निराळे. दिवा बोर्डावर शून्य केला तरी पूर्ण जळत राहिला, तर घटक आतून शॉर्ट झाला. दिवा अर्धाच चढतो आणि लुकलुकतो, तर जोडीतला एक घटक मेला. ध्वनिक्षेपकातून भुणभुण ऐकू येते किंवा बल्बची तार स्वतःच गुणगुणते, तर चोक कमकुवत आहे किंवा आवाजाच्या तारा दिव्याच्या तारांना चिकटून नेल्या आहेत. दोष कोठे आहे हे पाहण्याची पहिली रीत फार सोपी आहे. तोच दिवा शेजारच्या खणाला जोडावा. दोष दिव्याबरोबर गेला तर दिव्यात, मागे राहिला तर डिमरमध्ये. फ्यूज उडाला म्हणून जाड तार घालणे हा मात्र अपराध समजावा. बल्ब जाता जाता आत ठिणगी धरतो, त्या क्षणी फ्यूज आधी गेला नाही तर त्याहून कितीतरी महाग घटक जातो. आमच्या भागात आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे लूमचे आणि भरतकामाच्या यंत्रांचे तंतू. ते पंख्याच्या जाळीवर नमदा धरतात आणि डिमर तापून मान टाकतो. पावसाळ्याआधी ती जाळी झाडणे हीच अर्धी दुरुस्ती होय.

याहून भयंकर गोष्ट न्यूट्रलची. तीन फेजवर वाटलेल्या साध्या दिव्यांत न्यूट्रलवरचा भार बराचसा एकमेकांना छेद देऊन नाहीसा होतो. थायरिस्टरने कापलेल्या लाटांचा भार तसा पुरता नाहीसा होत नाही, उलट त्याचा काही अंश न्यूट्रलवर साठत जातो आणि ती तार तापते. तिचा सांधा सैल होऊन सुटला तर दोन फेजांमधला चारशे व्होल्टचा दाब दिव्यांवर येतो. काही वर्षांपूर्वी एका भाड्याच्या मंडपात आमच्याच शाळेच्या कार्यक्रमात असे घडले. समूहनृत्य चालू असता निम्मे दिवे एकाएकी पांढरेशुभ्र झाले. प्रेक्षकांनी टाळ्या वाजविल्या. मग ते एकामागून एक फुटले.

आता एलईडीचे युग आहे. या दिव्यांना मागे डिमर लागत नाही. मंद होण्याची विद्या त्यांच्या पोटातच असते आणि बोर्डाची आज्ञा त्यांना १९८६ साली ठरलेल्या डीएमएक्स या संकेताने तारेतून पोहोचते. त्यांना जुन्या डिमरवर जोडणे चूक. तसे केले तर ते लुकलुकतात, शून्यावरही मिणमिणतात आणि अल्पायुषी होतात. वीज वाचते, उष्णता कमी होते, तारांवरचा भार उतरतो, हे सर्व मान्य. परंतु तापलेल्या तारेचा दिवा मंद होता होता पिवळा, मग नारिंगी, मग निखाऱ्यासारखा तांबूस होतो. साध्या एलईडीचा दिवा आपला रंग न बदलता नुसता ओसरतो. युरोपात हे जुने दिवे बंद करण्याचा नियम येऊ घातला तेव्हा २०१८ साली तेथील नाटकवाल्यांनी मोठा गिल्ला केला आणि रंगमंचासाठी सवलत मिळविली, ती काही केवळ खर्चाच्या भीतीने नव्हे.

म्हणून मी पेटी ठेवावी की टाकावी, या प्रश्नाला एक भावनेची बाजू होती आणि एक निराळी. सुरतेत शाळा चालविणाऱ्या कोणालाही २४ मे २०१९ विसरता येत नाही. त्या दिवशी सरथाण्याच्या तक्षशिला इमारतीला लागलेल्या आगीत शिकवणीला आलेली बावीस मुले गेली. आणि ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरात शाहू महाराजांनी उभारलेले, १९१५ सालचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. जुन्या लाकडी पेटीवर प्रेम करताना या दोन तारखा मुख्याध्यापकाच्या डोळ्यांपुढे असाव्याच लागतात.

शेवटी असे ठरले. जळालेली मूठ काढून तिचे तांबे त्या कारागिराला मजुरीत दिले. झिजलेल्या मुठीला नवा ब्रश बसविला. लाकडी खोके टाकून त्या जागी लोखंडी पेटी केली, तिला अर्थिंग दिले, प्रत्येक मुठीला निराळा फ्यूज लाविला, आणि प्लग असा बसविला की तो उलटा जाऊच नये. पेटीच्या आत, झाकणावर, मी एक कागद चिकटविला आहे. त्यावर ब्रश केव्हा बदलला, सांधे केव्हा आवळले, टेस्टर कोणी लावून पाहिला आणि त्याने काय दाखविले, एवढेच लिहावयाचे आहे. पहिल्या ओळीत कारागिराचे नाव त्याच्याच हाताने, गुजराती अक्षरांत आहे. दुसरी ओळ डिसेंबरच्या संमेलनाआधी दहावीतल्या एका मुलीने लिहिली. संमेलनात समोरचे दिवे एलईडीचे होते. मागच्या पडद्यावरचे दोन जुने दिवे तेवढे या पेटीवर होते, आणि पहाट त्यांनी केली. ती मुलगी मूठ पस्तिसावर आणून थांबली. तिला कोणी तसे सांगितले नव्हते.